मोजमापाचे ज्ञान आणि काम थांबविण्याचा अधिकार



एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काही माणसे आजारी पडली. कुणाची कातडी काळवंडली, कुणाचे केस गळू लागले. शोध घेता असे निष्पन्न झाले की, दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडून असलेले एक संशोधनयंत्र त्याच वर्षी फेब्रुवारीत लिलावात विकले गेले होते. त्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. शिशाच्या किमतीसाठी भंगार कामगारांनी त्याचे कवच फोडले. त्यांतील एका कामगाराला प्राण गमवावे लागले.

दोष कोणाचा, याची चर्चा पुष्कळ झाली. पण एक साधा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून भंगाराच्या दुकानापर्यंतच्या वाटेवर, हाती मापक घेतलेला एकही जाणता माणूस का उभा नव्हता?

असा माणूस उभा राहिला म्हणजे काय होते, याचे उत्तर ब्राझीलमधील गोयानिया शहराने दिले आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये तेथील एका ओस पडलेल्या रुग्णालयातून कर्करोगाच्या उपचारयंत्राचा भाग दोघा गरिबांनी भंगार म्हणून उचलून नेला. आतल्या सीझियमची निळसर चमक पाहून माणसे हरखली. ती भुकटी घरोघर वाटली गेली. चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांना त्या भुकटीची बाधा झाली. एक लाखाहून अधिक नागरिकांची तपासणी करावी लागली. हे प्रकरण उघडकीस येत असताना अग्निशामक दलाचे जवान तो पदार्थ उचलून नदीत टाकण्याच्या बेतात होते. एक भौतिकशास्त्रज्ञ उसना मापक घेऊन तेथे वेळेवर पोहोचला व त्याने त्यांना परावृत्त केले. जवानांच्या धैर्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते मोजमापाचे ज्ञान.

किरणोत्सर्ग म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे तारापूरची अणुभट्टी येते. प्रत्यक्षात तो रुग्णालयांत आहे, बंदरांत आहे, बॉयलर व तेलवाहिन्यांच्या कारखान्यांतही आहे. पोलादी नळांचा जोड निर्दोष आहे की नाही, हे इरिडियम-१९२ च्या किरणांनी चित्र घेऊन तपासतात. चित्र घेऊन झाल्यावर किरणस्रोत कवचात परत गेला की नाही, हे मापक लावूनच कळते. तो बाहेर अडकून राहिला असेल, तर त्याला ना वास येतो, ना चटका बसतो. कामगार शेजारी बसून भाकरी खातो आणि त्वचा सोलवटली म्हणजे दवाखाना गाठतो.

या कामाचे प्रशिक्षण अवघड आहे, पण दुर्बोध नाही. वेळ, अंतर आणि आडोसा या तीन गोष्टींवर त्याचा पाया रचलेला आहे. स्रोताजवळ कमीत कमी वेळ थांबावे. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, म्हणून दूर राहावे. मध्ये शिसे, पोलाद किंवा काँक्रीट असावे. त्यापुढे मापक वापरणे व त्याची अचूकता पारखणे, छातीवरच्या बिल्ल्यातील नोंदी वाचणे, सांडलेला पदार्थ आवरणे, वाहतुकीचे पेटारे तपासणे, हे सारे हाताने करूनच शिकावे लागते. दहावी-बारावी झालेला, गणिताची भीती न बाळगणारा कामगाराचा मुलगा वा मुलगी हे उत्तम शिकू शकेल. मात्र ते मराठीत शिकविले पाहिजे. सूचना इंग्रजीत आणि किरण मात्र मराठी अंगावर, ही रीत आता पुरे झाली.

परंतु ज्ञान देऊन अधिकार नाकारला, तर प्रशिक्षण ही शोभेची वस्तू ठरते. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीला या कामावर नेमण्यास आणि सोळा वर्षांखालील मुलाला उमेदवार म्हणून घेण्यास मनाई केली. अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आखली. हे आकडे कागदावर चांगले आहेत. पण ठेकेदाराच्या रोजंदारीवरचा तंत्रज्ञ मुकादमाला ‘काम थांबवा’ असे कसे सांगणार? उद्याचा रोज ज्याच्या हाती, त्याच्याच विरुद्ध आजची नोंद कशी लिहिणार? मर्यादा भरली म्हणून कामगाराला घरी बसविले जाणार असेल, तर तो स्वतःच बिल्ला काढून ठेवील. म्हणून तंत्रज्ञाची नोकरी कायम हवी, त्याची नोंदवही कामगारांना पाहण्यास खुली हवी आणि मर्यादा गाठलेल्या कामगाराला पूर्ण वेतनावर दुसरे काम मिळाले पाहिजे.

काही मित्र विचारतील, असे तंत्रज्ञ तयार करणे म्हणजे अणुवीजेलाच हातभार लावणे नव्हे काय? अणुवीज हवी की नको, हा वाद जैतापूरच्या निमित्ताने महाराष्ट्राने पाहिला आहे आणि तो निर्भयपणे चालला पाहिजे. पण त्याचा निकाल काहीही लागला, तरी कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार लागणारच. उद्या एखादी अणुभट्टी बंद करावयाची ठरली, तरी ती उतरविण्यासाठी आणि तिचा कचरा सांभाळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जाणती माणसे लागतील. सीझियमचे निम्मे बळ ओसरण्यासच तीस वर्षे जातात. ते आपल्या ठरावांची वाट पाहत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यापासून आरंभ करावा. रुग्णालयात, कारखान्यात किरणस्रोत कोठे आहेत, त्यांवर जबाबदार सुरक्षा अधिकारी कोण आहे, कामगारांना बिल्ले मिळतात काय आणि वापरातून गेलेली यंत्रे कोठे पडून आहेत, हे विचारावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा अभ्यासक्रम मराठीतून सुरू व्हावा, अशी मागणी युवक संघटनांनी लावून धरावी. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात पगारवाढीच्या कलमाशेजारी काम थांबविण्याच्या अधिकाराचे कलम लिहावे आणि वाटाघाटीत ते शेवटपर्यंत सोडू नये.