न्यायमूर्ति तेलंगांची तसबीर

नांदेड-लातूरकडील जुन्या घरांच्या बैठकींत देवादिकांच्या तसबिरींशेजारीं एखाद्या पूर्वजाची किंवा थोर पुरुषाची तसबीर हमखास आढळते. तिला आपण हार घालतों. प्रश्न मात्र विचारीत नाहीं. आज मला न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या तसबिरीला कांहीं प्रश्न विचारावयाचे आहेत.

तेलंगांचा जन्म १८५० चा, मृत्यु १८९३ चा. म्हणजे त्यांचें कोणतेंहि छायाचित्र ४३ वर्षांपलीकडचें असणें शक्य नाहीं. एवढ्या अल्पावधींत ते नामांकित वकील, १८८९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १८९२ मध्यें मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरु झाले. तसबिरींतल्या पोशाखावरून ही प्रतिष्ठा ओळखतां येते. इतिहासकार मात्र तींत दिसत नाहीं.

तो पाहावयाचा तर न्यायमूर्ति रानडे यांचें मराठी सत्तेच्या उदयावरील, १९०० सालचें इंग्रजी पुस्तक उघडावें. त्याच्या अखेरीस तेलंगांचा बखरींवरील निबंध जोडलेला आहे. बखर म्हटली कीं आपणांस लढाया आठवतात. तेलंगांनीं तींतून त्या काळच्या समाजाची व धर्माची स्थिति वेंचून काढली. वकील साक्षीदाराला उलटतपासणींत बोलतें करतो, तसेंच हें झालें.

आतां अवघड प्रश्न. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा पुरस्कार करणाऱ्या तेलंगांनीं १८९३ मध्यें आपल्या आठ वर्षांच्या मुलीचें लग्न लावून दिलें. टीका झाली, आणि त्याच वर्षीं ते निवर्तले. रानड्यांची कथाहि निराळी नाहीं. विधवाविवाहाचे कैवारी असून १८७३ मध्यें वडिलांच्या आग्रहापुढें नमून त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं दुसरा विवाह केला. पुढें त्यांनींच तिला शिकविलें, त्याच रमाबाई.

एवढ्यावरून या तसबिरी भिंतीवरून उतरवाव्या, असें मी म्हणत नाहीं. ज्यानें बखरींची जबानी घेतली, त्याच्या तसबिरीची जबानी घेणें हा त्याचा अनादर कसा होईल? उलट, घरच्या वडीलधाऱ्यांच्या रेट्यापुढें विद्वानहि कसे वाकले, हें मुलांना कळलें तर तसा प्रसंग आल्यावर तीं अधिक सावध राहतील.

तेव्हां आज एवढेंच करा. घरांतली तसबीर उतरवून पुसा आणि मागें नांव, गांव, साल लिहा. त्या माणसानें काय केलें आणि काय करावयाचें राहिलें, तेंहि लिहा. ठाऊक असणारीं माणसें घरांत आहेत, तोंवरच हें साधेल.