मुलांचे मन आणि आपला हक्क

(नागपूर येथे पालकांच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपण घराबाहेर काढीत नाही. मुलाला ताप आला तर आई त्याला कडेवर घेऊन मेडिकल किंवा मेयो गाठते. तेच मूल रात्री दचकून उठू लागले, शाळेत जाईनासे झाले, कोणाशी बोलेनासे झाले, तर घरचे लोक दार लावून घेतात. कोणी म्हणतो, लाडाने बिघडला. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. मग मुलाला मार तरी बसतो, नाही तर अंगारा तरी लागतो. तापाची लाज नाही, मग मनाच्या दुखण्याचीच लाज का?

छिंदवाडा रस्त्यावरील प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचे आहे. त्याला आपण पागलखाना म्हणतो. जवळच्या चौकालाही तेच नाव पडले. जे नाव शिवी म्हणून वापरले जाते, त्या दारात कोणती आई आपले लेकरू नेईल? परंतु तेच एक दार आहे असे नाही. मेडिकलमध्ये व मेयोमध्येही मानसोपचार विभाग आहेत.

हे दुखणे विरळा नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार मुले. मुंबईस 1937 साली टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्रांचे तत्त्व असे की, एकट्या मुलास तपासून भागत नाही. आईबाप व शिक्षक यांच्याशीही बोलावे लागते. ज्या मुलास वर्गात जातीवरून हिणवले जाते, त्याचे मन खचले तर दोष त्याच्या मनाचा नव्हे. तेथे मुलाला उपचार आणि शाळेला जाब, अशी दोन्ही कामे आपणांस करावी लागतील.

आता हक्काचे सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 18 व्या कलमाने प्रत्येकास शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे. जात, धर्म, वर्ग यांवरून त्यात भेद करता येत नाही. लहान मुलांसाठीची सेवा त्या कलमात स्पष्ट नमूद आहे. ती जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे. मुलाला रुग्णालयात ठेवावे लागले तर त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि पालकाने त्याच्याजवळ राहिले पाहिजे, असेही कायदा सांगतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे.

परंतु हक्क कागदावर असून पोट भरत नाही. तो मागणारा लागतो. म्हणून माझी आपणांस विनंती आहे. मुलांसाठी तपासणी कोठे होते, कोणत्या वारी होते, हे जिल्हा रुग्णालयास व महानगरपालिकेस लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. एकट्याने जाऊ नका. वस्तीतील दहा पालक मिळून जा. रात्री-अपरात्री धीर सुटला तर 14416 हा ‘टेलि-मानस’चा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि घरी गेल्यावर एक काम आजच करा. जे मूल गप्प झाले आहे, त्याच्याजवळ बसा. त्याला रागावू नका. त्याला काय होते, ते त्यालाच विचारा आणि त्याचे पुरते ऐकून घ्या. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.