उपाशी पिकाची काटकसर



कृषी पदवी घेऊन आम्ही बांधावर आलो तेव्हा पान जांभळे दिसले की स्फुरद कमी, एवढेच सांगायचो. ते उशिराचे निदान. स्फुरद मिळेनासे झाले की पीक आधी पेशीतले पडदे उसवते. त्या पडद्यांच्या स्निग्धांशात स्फुरद असते. ते काढून कोवळ्या वाढीला देते आणि तिथे साखर जोडलेले स्निग्धांश बसवते. घर पडू नये म्हणून विटेच्या जागी कूड! स्वीडनमध्ये २००३ साली ओटच्या पिकात पेशीच्या बाहेरच्या पडद्याचाही मोठा हिस्सा असा बदललेला आढळला. वरून मात्र पीक हिरवेच. आपल्या चुनखडीच्या रानात तर टाकलेले स्फुरदही अडकून पडते. माती तपासल्याचे कागद ज्यांनी आणलेत त्यांनी जेवणानंतर आमच्याकडे यावे.