फोन गहाळ नाही, हिसकावलाय!

लोकलच्या दारात उभं राहून, हेडफोन लावून हे ऐकत असाल, तर आधी दोन पावलं आत सरका. मग बोलू.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची स्लो लोकल, मी दारात, हातात मोबाइल. सिग्नलपाशी गाडी हळू झाली आणि खांबाआड उभ्या असलेल्या कुणीतरी माझ्या मनगटावर काठी हाणली. फोन खाली रुळांवर, आणि त्याच्यामागे माझा एक पाय हवेत! मागच्या काकांनी कॉलर धरून आत खेचलं. म्हणाले, "फोन हप्त्यावर मिळतो रे, पाय मिळत नाही."

मुंबईत यांना 'फटका गँग' म्हणतात. तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल.

पण मला सांगायचंय ते पुढचं. तक्रार द्यायला गेलो, तर उत्तर आलं, "गहाळ झाला असं लिहून द्या, लवकर मोकळे व्हाल." मनगट टम्म सुजलेलं आणि फोन म्हणे गहाळ! दमलो होतो, दिलं लिहून. दुसऱ्या दिवशी वकील मैत्रिणीने चांगलंच झापलं.

तिचं म्हणणं साधं होतं. गहाळ म्हणजे गुन्हाच नाही. गुन्हा नाही म्हणजे तपास नाही. कागदावर त्या खांबाजवळ काही घडलंच नाही, मग तिथे गस्त मागायची कशाच्या जोरावर?

मी परत गेलो. या वेळी तयारीने. ती तयारी तुम्हीही ठेवा.

एक, कुणाकडे जायचं? आरपीएफ केंद्राची, लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, राज्याचे. चोरी, छेडछाड, मारहाण यांचा गुन्हा नोंदवून तपास करतात ते लोहमार्ग पोलीस. गाडीत असतानाच मदत हवी तर १३९ किंवा १५१२ लावा. स्वतःचा फोन गेला असेल तर शेजारच्याचा मागा.

दोन, "ही आमची हद्द नाही" ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआरची प्रतही फुकट मिळते.

तीन, शब्द नीट वापरा. भारतीय न्याय संहितेत 'हिसकावणे' हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४.

चार, आयएमईआय नंबर आजच वहीत लिहून ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केलं की दिसतो. 'संचार साथी'वर फोन ब्लॉक करताना तो आणि तक्रारीची प्रत लागते.

माझा फोन? नाही मिळाला अजून. पण त्या खांबाजवळ काहीतरी घडलं होतं, हे आता सरकारी कागदावर आहे. उद्या तिथे पोलीस उभा करा म्हणून अर्ज करायचा, तर हातात काहीतरी आहे. असे शंभर कागद जमले, तर त्यांच्याकडे कानाडोळा करणं अवघड जाईल.

तुमच्याकडून एखादा 'गहाळ' लिहून घेतलाय का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, दारातून आत सरकलात ना?