काटा मध्यावर आला, म्हणजे इंजिन तापलं का?

गेल्या जानेवारीत माझे बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. रोज सकाळी त्यांचं एकच, "अगं, आधी दहा मिनिटं गाडी तापू दे, मग काढ."

बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. चोक ओढायचा, इंजिन नीट धरेपर्यंत थांबायचं, घाई केली की गाडी बंद. त्या गाडीपुरतं त्यांचं बरोबरच होतं. आपल्या लाँगब्रिजमध्ये १९५९ पासून बनलेल्या जुन्या मिनीलाही चोक लागायचाच. आता पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे अर्ध्याएक मिनिटात निघता येतं.

उलट नुसती उभी गाडी फार हळू तापते, डिझेल तर विचारूच नका. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलात मिसळतं.

म्हणजे लगेच पळवायची का? मुळीच नाही! थंडीत तूप कसं थिजतं, तसं तेल दाट झालेलं असतं. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान दाखवतो. काटा मध्यावर आला तरी तेल मागेच असतं. त्याला आणखी बराच वेळ लागतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं जोरात रेस करू नका, पेट्रोल गाडी अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या आत ठेवा. टर्बो असेल तर जास्तच जपा.

अडचण त्यांची, ज्यांचं घर ॲस्टन एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी आहे. दोन मिनिटांत एम६! तिथे स्लिप रोडवर इंजिनाची काळजी करत रेंगाळू नका, वाहतुकीच्या वेगात शिरा. जीव आधी. जमलं तर थोडं लांबच्या रस्त्याने जा.

आणि काचा? आधी खरवडा, सगळ्या, मागचीसुद्धा. तो कायदाच आहे. उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. रस्त्यावर विनाकारण इंजिन चालू ठेवलं तर दंड होऊ शकतो. किल्ली आत ठेवून चहा प्यायला घरात गेलात आणि गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. बाबांना हे शेवटचं लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर ते मफलर गुंडाळून काच खरवडत होते, आणि किल्ली त्यांच्या खिशात.