दवाखाना आणि लेखणी



मुलगी विज्ञान शाखेला गेली की तिची गोष्टींची पुस्तके माळ्यावर जातात. डॉक्टरला साहित्य कशाला, असे आपण म्हणतो. याचे उत्तर डॉ. रशीद जहाँ यांच्या चरित्रात आहे.

त्यांचे वडील शेख अब्दुल्ला व आई वहीद जहाँ यांनी १९०६ साली अलीगढला मुलींची शाळा काढली. रशीद जहाँ दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि उर्दूत कथाही लिहू लागल्या. १९३२ च्या ‘अंगारे’ संग्रहातील त्यांच्या ‘दिल्ली की सैर’ या कथेत दिल्ली पाहायला आलेली बाई स्टेशनावर सामान राखीत बसते. नवरा मित्राबरोबर निघून जातो. ‘अंगारे’वर समाजात गदारोळ झाला, १९३३ मध्ये सरकारने बंदी घातली. तरी १९५२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची ओळख डॉक्टर आणि लेखिका अशीच राहिली.

रोगी आपले दुखणे गोष्टीसारखेच सांगतो. कुठे थांबतो, काय गाळतो, हे ज्याला कळते त्याला निदान लवकर सापडते. पडद्याआडची बाई तर निम्मे बोलतच नाही.

म्हणून पालकांनो, मुलींना डॉक्टर जरूर करा. पण त्यांच्या हातातले गोष्टीचे पुस्तक काढून घेऊ नका.