उपचारांनंतर पुन्हा कामावर

कॅन्सरच्या उपचारांतून सावरताना कामावर परतायचंय? आधी डॉक्टरांशी बोला. केमोथेरपीच्या डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत संसर्ग होऊ नये म्हणून गर्दीची लोकल, बस टाळा आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर लगेच रुग्णालय गाठा.

उपचार संपले तरी थकवा काही महिने राहू शकतो. तो आळस नव्हे. म्हणून सुरुवातीला अर्धा दिवस काम, मधे विश्रांती, जमेल तिथे घरून काम, असं वरिष्ठांशी आधीच ठरवून घ्या.

आणि सहकाऱ्यांनो, कॅन्सर संसर्गजन्य नाही. परतलेल्या माणसासोबत नेहमीसारखा डबा खा, जड काम थोडं वाटून घ्या. तुमची साथ त्यांना फार मोलाची असते.